पालेंकेचा राजा पाकाल आणि गादीचा हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माया संस्कृतीविषयी लिहायला लागल्यापासून सर्वांत जास्त पत्रं एकाच राजाबद्दल येतात. कुणी त्याच्या शवपेटीचं झाकण पाहिलेलं असतं, कुणी हिरव्या मुखवट्याचा फोटो. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. पाकाल म्हणजे नेमका कोण?

आजच्या मेक्सिकोतल्या चियापास राज्यात पालेंके नावाचं प्राचीन माया शहर आहे. पाकाल हा तिथला राजा. त्याचं पूर्ण राजनाम किनिच हानाब पाकाल. जन्म मार्च 603, राज्यारोहण जुलै 615, मृत्यू ऑगस्ट 683. बाराव्या वर्षी तो गादीवर बसला, 68 वर्षं त्याने राज्य केलं आणि ऐंशी ओलांडून तो गेला. पालेंके हे नाव स्पॅनिश आहे, त्याचा अर्थ लाकडी कुंपण. खुद्द पाकालच्या काळात शहराला लाकामहा म्हणजे ‘मोठं पाणी’ म्हणत, आणि राज्याला बाकाल. डोंगरातून उतरणारे ओढे आजही या अवशेषांमधून वाहतात, त्यामुळे ते नाव किती नेमकं होतं हे पटतं.

2. नावाचा उच्चार पाकाल, पकाल की पॅकल? अर्थ काय?

पाकाल. माया भाषेत याचा अर्थ ढाल. त्याच्या नावासाठी कधी सरळ ढालीचं चित्र काढलेलं असतं, तर कधी पा-का-ला अशी अक्षरचिन्हं जोडून तेच नाव लिहिलेलं असतं. माया लिपी निव्वळ चित्रलिपी नाही, तिच्यात ध्वनी लिहिता येतात, हे पटवून द्यायला या एका नावाचा मोठा उपयोग झाला. रोमन लिपीतल्या माया नावांत ‘जे’चा उच्चार ह आणि ‘एक्स’चा उच्चार श असा करायचा, म्हणून हानाब. ‘किनिच’ ही सूर्याशी जोडलेली पदवी आहे.

3. मायांमध्ये राजाला राजा कशामुळे मानत? फक्त राजाचा मुलगा असणं पुरेसं होतं का?

पुरेसं नव्हतं. राजाची पदवी होती ‘कुहुल अहाव’, म्हणजे पवित्र किंवा दैवी स्वामी. त्याने गादीवर बसायचं, कपाळाला पांढरी कागदी पट्टी बांधून घ्यायची, राज्याच्या देवांची सेवा चालवायची, ठरलेल्या काळाच्या शेवटी विधी करायचे, आणि युद्धात कैदी आणायचे. बाप राजा असेल तर वाट सोपी व्हायची. पण देवांची सेवा खंडित झाली तर राजघराण्यातल्या माणसाचंही राजेपण डळमळायचं. पालेंकेत ही देवसेवा विशेष महत्त्वाची होती, कारण शहराचे तीन कुलदेव होते. त्यांची नावं अजून पूर्ण वाचता आलेली नाहीत, म्हणून अभ्यासक त्यांना पहिला, दुसरा, तिसरा देव असं क्रमाने ओळखतात.

4. मग पाकालच्या हक्काबद्दल शंका का घेतली जाते?

कारण त्याचा बाप राजा नव्हता. बापाचं नाव कान मो हिश. तो कधी गादीवर बसल्याची नोंद नाही. पाकाल राजवंशाशी जोडला जातो तो आईकडून, साक कुक हिच्याकडून. माया राजघराण्यांत गादी सहसा बापाकडून मुलाकडे जायची. त्यात पाकालच्या आधी एकदा गादी बाईकडे गेलेली होती: योहल इकनाल ही राणी 583 ते 604 अशी राज्य करत होती. म्हणजे पन्नास वर्षांच्या आत दोनदा वंशाचा धागा स्त्रीच्या हातून पुढे आला.

शिवाय वेळही वाईट होती. पाकालच्या जन्माच्या चार वर्षं आधीपासून घरावर जे गेलं ते पुढच्या प्रश्नात आहे. 612 या एकाच वर्षात गादीवरचा राजा अहेन योहल मात वारला, आणि हानाब पाकाल नावाचा थोर राजपुरुषही वारला. हा दुसरा बहुधा आपल्या पाकालचा आजोबा, आणि नातवाला नाव त्याचंच. घरातले कर्ते पुरुष संपले, तेव्हा पाकाल नऊ वर्षांचा होता.

माझं मत सांगतो. त्याच्या हक्कावर त्याच्या हयातीत कुणी उघड बोट ठेवल्याचा एकही लेख नाही. पण ज्या चिकाटीने त्याने आणि त्याच्या मुला-नातवांनी पुढची शंभर वर्षं आई, पूर्वज आणि देव दगडात कोरून घेतले, ती चिकाटी निर्धास्त माणसांची वाटत नाही.

5. पालेंकेवर कुणी हल्ला केला होता?

‘सर्पराजे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका बलाढ्य माया घराण्याने, दोनदा: एप्रिल 599 मध्ये राणी योहल इकनालच्या काळात आणि एप्रिल 611 मध्ये अहेन योहल मातच्या काळात. लेखात त्यासाठी वापरलेलं क्रियापद कुऱ्हाडीचं आहे. लाकामहावर कुऱ्हाड चालली, असं ते वाचायचं.

मला याहून मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. हे पराभव आपल्याला कळतात ते पालेंकेच्याच लेखांतून. 599 चा हल्ला पाकालने स्वतःच्या राजवाड्याच्या पायऱ्यांवर कोरवून घेतला, 659 मध्ये धरून आणलेल्या कैद्यांच्या नोंदीबरोबर. आधीच्या राणीच्या काळातली जखम त्याने झाकली नाही. जो तिथून पायऱ्या चढेल त्याला आधी पडझड वाचायला लागावी आणि मग सावरणं, अशी ती मांडणी आहे.

611 नंतरची स्थिती पुढे पाकालच्या कबरीवरच्या शिलालेखांच्या मंदिरात दोन छोट्या वाक्यांत येते: पवित्र स्त्री हरपली, स्वामी हरपला. त्यानंतर 613 मध्ये वीस वर्षांचा कालखंड संपला तेव्हा देवांना नेमाचे अलंकार चढले नाहीत, असंही तिथे लिहिलं आहे. राज्याचं खरं संकट माया लेखकाच्या नजरेत हे होतं. शहर लुटलं गेलं ते गेलंच, पण देव उघडे राहिले.

6. पाकालची आई स्वतः राणी म्हणून गादीवर बसली होती का?

यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. 612 ते 615 या तीन वर्षांत गादीवर ‘मुवान मात’ नावाची व्यक्ती होती. हे नाव माणसाचं नाही. पालेंकेच्या पुराणकथेत तीन कुलदेवांचं जनक असलेलं जे दैवत आहे, त्याचंच हे नाव. त्या दैवताचा जन्म इ.स.पू. 3121 मध्ये झाला असं पालेंकेचे लेख सांगतात.

एक मत असं की साक कुकनेच हे नाव घेतलं. देवांना जन्म देणाऱ्या दैवताच्या नावाने ती गादीवर बसली, म्हणजे तिचा मुलगा आपोआप देवांच्या पंक्तीत गेला. दुसरं मत असं की हा कुणी वेगळा, अल्पकाळ टिकलेला राजा असावा, कारण मुवान मात म्हणजेच साक कुक असं स्पष्ट सांगणारा लेख नाही. मी पहिल्या मताकडे झुकतो, पण त्यावर इमारत उभी करणार नाही. पक्कं एवढंच की 615 मध्ये गादी पाकालकडे आली, आणि त्याने ती कुणाकडून आल्याचं दाखवलं ते पुढच्या उत्तरात आहे.

7. बारा वर्षांच्या मुलाचा राज्याभिषेक कसा झाला? त्याचं काही चित्र आहे का?

आहे, आणि पालेंकेतली मला सर्वांत आवडणारी वस्तू तीच. राजवाड्यात अभ्यासक ज्याला ‘ई’ घर म्हणतात ते एक दालन आहे. बाकीच्या इमारती लाल रंगवलेल्या, हे पांढरं आणि त्यावर फुलं काढलेली. 654 मध्ये त्याचं लोकार्पण झालं. आत भिंतीत एक लंबगोल शिलापट बसवलेला आहे.

त्यावर दोनच माणसं आहेत. उजवीकडे पाकाल, दोन तोंडांच्या जग्वारच्या आसनावर मांडी घालून, अंगावर फारसे दागिने नाहीत. डावीकडे खाली बसलेली साक कुक. तिच्या दोन्ही हातांत उंच शिरोभूषण आहे आणि ती ते मुलापुढे धरते आहे. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आहे. बाप चित्रात नाही, देव नाहीत, दरबार नाही.

आता तारीख पुन्हा पाहा. राज्यारोहण 615 चं, दालन 654 चं. म्हणजे हे चित्र कोरलं गेलं तेव्हा पाकाल पन्नाशीत होता आणि आईला जाऊन चौदा वर्षं झाली होती. मुलगा राजा झाला त्या दिवसाचं हे छायाचित्र नव्हे. चाळीस वर्षं राज्य केलेल्या माणसाने त्या दिवसाकडे मागे वळून पाहिलं आहे, आणि माझी गादी हिच्या हातून आली, एवढंच ठरवून सांगितलं आहे. या पटाखाली राजासन होतं. बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यामागे हे चित्र असायचं.

8. लहान राजाच्या नावाने कारभार कोण बघत होतं?

आईवडील, असा तर्क केला जातो, आणि तो पटण्यासारखा आहे. साक कुक 640 मध्ये वारली, बाप त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. पाकालच्या नावाची पहिली ज्ञात इमारत 647 ची आहे, म्हणजे दोघंही गेल्यानंतरची. तोवर त्याच्या राज्याची तीस वर्षं झाली होती आणि बांधकामाच्या दृष्टीने ती जवळजवळ मुकी आहेत. लुटल्या गेलेल्या राज्याला उभं राहायला तेवढा वेळ लागला असणार. एवढं मात्र नोंदलं गेलं आहे की 633 चा कालखंड पाकालने देवांच्या विधींसह पार पाडला.

9. माया समाजात बाई राज्य करू शकत होती का?

हो, पण सहसा पुरुष वारस नसताना किंवा अगदी लहान असताना. पालेंकेची योहल इकनाल हे ठळक उदाहरण. नारान्हो शहरात 682 मध्ये दोस पिलासहून आलेल्या राजकन्येने तिथलं मोडलेलं राजघराणं पुन्हा उभं केलं. तिचा मुलगा 693 मध्ये पाच वर्षांचा असताना गादीवर बसला आणि सूत्रं तिच्याच हातात राहिली. कैद्याच्या अंगावर पाय देऊन उभी असलेली तिची शिल्पंही आहेत, पुरुष राजांची असतात तशीच. पाकालच्या आईबद्दल प्रश्न 6 पाहा.

10. शिलालेखांच्या मंदिरात एवढं काय लिहिलं आहे?

तीन मोठे पट, मिळून 617 चिन्हं. आज माहीत असलेल्या माया लेखांत कोपान या माया शहरातल्या कोरीव जिन्यानंतर हाच सर्वांत लांब. काम पाकालने सुरू केलं, त्याच्या मुलाने पूर्ण केलं.

लेखाचा मोठा भाग कंटाळवाणा वाटू शकतो: अमुक कालखंड संपला, अमुक राजाने देवांना अमुक दिलं. पण तेच त्याचं हत्यार आहे. मायांचा कातुन हा साधारण वीस वर्षांचा काळ. लेख एकेक कातुन घेतो आणि त्या वेळच्या राजाने देवांची सेवा कशी केली ते सांगतो. 613 ला सेवा चुकली. मग 633, 652 आणि 672 ला पाकालने ती केली, आणि त्याने देवांना काय काय चढवलं याची यादी येते: शिरपट्ट्या, कर्णभूषणं, कंठे. बाप राजा होता की नाही, या प्रश्नाला इथे वेगळंच उत्तर मिळतं. देवांनी ज्याच्या हातून घेतलं, तो राजा.

शेवटी लेख एकदम काळाची दारं उघडतो. मागे 12 लाखांहून अधिक वर्षांपूर्वी एका देवाने गादी स्वीकारल्याची तारीख देतो, आणि पुढे थेट इ.स. 4772 मध्ये जातो, जेव्हा पाकालच्या राज्यारोहणाची तिथी माया पंचांगाच्या 52 वर्षांच्या फेऱ्यात ऐंशीव्यांदा परत येईल. 2012 मध्ये जग बुडणार असं मायांनी सांगितलं होतं का, असं विचारणाऱ्यांना मी हीच तारीख दाखवतो.

11. त्याची कबर सापडली कशी?

मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ अल्बेर्तो रूस लुइये यांच्या नजरेत 1949 मध्ये मंदिराच्या फरशीतली एक शिळा भरली. तिला भोकं होती आणि त्यांत दगडी बुचं बसवलेली. भिंतीही फरशीपाशी न थांबता खाली जात होत्या. शिळा उचलल्यावर राडारोड्याने मुद्दाम भरलेला जिना निघाला. तो उपसायला 1952 उजाडलं. जूनमध्ये दालनाचं दार उघडलं. दाराबाहेर दगडी खोक्यात बळी दिलेल्या माणसांची हाडं होती. नोव्हेंबरमध्ये लाकडी ओंडके आणि गाडीचे जॅक लावून शवपेटीचं झाकण इंचाइंचाने वर उचललं गेलं. आत हिंगुळाने लाल झालेला सांगाडा, चेहऱ्यावर जेड या हिरव्या दगडाचा मुखवटा, एका हातात जेडचा ठोकळा, दुसऱ्यात जेडची गोळी, तोंडात जेडचा मणी.

दालनातून जिन्याच्या कडेने एक पोकळ दगडी नळी वर मंदिरापर्यंत गेली आहे. पुरलेल्या राजाचा आणि वर पूजा करणाऱ्यांचा संबंध तुटू नये म्हणून.

12. शवपेटीच्या बाजूंवर झाडांतून माणसं का उगवली आहेत?

झाकणाच्या गाजावाजात या बाजू कुणी बघत नाही. गादीच्या हक्काचा खरा दस्तऐवज मात्र इथे आहे. जमीन फाटते आहे आणि फळझाडांबरोबर दहा माणसं कमरेपर्यंत वर येत आहेत. प्रत्येकाचं नाव बाजूला लिहिलेलं. ही पाकालची पूर्वजांची बाग. झाडं कोको, अॅव्होकॅडो, पेरू, चिकू अशी. घोलवडचा चिकू आणि आपल्या परसातला पेरू या दोन्हींचं मूळ घर तिकडचंच. चिकू हा शब्दसुद्धा तिकडून आलेला. त्यामुळे हे चित्र मराठी वाचकाला वाटतं तेवढं परकं नाही.

आता मोजा. आई दोनदा, बाप दोनदा. राणी योहल इकनाल दोनदा. बाकीचे चार एकेकदा: आहकाल मो नाब, कान होय चिताम, कान बाहलाम हे जुने राजे, आणि थोरला हानाब पाकाल. आई कोकोच्या झाडाबरोबर उगवली आहे. जो बाप लंबगोल पटावर नव्हता (प्रश्न 7) तो इथे राजांच्या रांगेत आला. आणि ज्याच्या काळात 611 चा हल्ला झाला तो अहेन योहल मात राजा असूनही या बागेत नाही. कुणाला लावायचं आणि कुणाला वगळायचं हे नीट विचार करून ठरवलेलं आहे.

13. झाकणावर पाकाल अंतराळयानात बसलेला दिसतो, हे खरं का?

नाही. झाकण आडवं धरून पाहिलं की तसा भास होतो. ते उभं पाहायचं. खाली पाताळाचा उघडा जबडा, मधे मागे रेललेला राजा, त्याच्या अंगातून वर गेलेलं क्रूसाच्या आकाराचं विश्ववृक्षाचं झाड, टोकाला दिव्य पक्षी. ज्याला ज्वाळा म्हणतात ते जबड्याचे दात आणि दाढी आहेत. राजा मक्याच्या देवाच्या रूपात आहे: जमिनीत जाणारा आणि पुन्हा उगवणारा. शेजारच्या बाजूंवरची झाडं (प्रश्न 12) हाच विचार पुढे नेतात.

14. हाडांवरून तो चाळीशीतच गेला, असं वाचलं. मग 68 वर्षांचं राज्य ही थाप का?

1950 च्या दशकात हाडं पाहणाऱ्यांनी वय 40 ते 50 ठरवलं होतं. 1973 मध्ये पालेंकेत भरलेल्या परिषदेत लिंडा शीली, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी यांनी लेखांवरून पालेंकेच्या राजांचा क्रम लावला आणि पाकालचं वय ऐंशी निघालं. वाद बरीच वर्षं चालला. नंतरच्या फेरतपासणीत हाडंही म्हाताऱ्या माणसाचीच ठरली. दात कमी झिजलेले होते, पण राजाचं जेवण मऊ होतं एवढाच त्याचा अर्थ. शिवाय पाकालच्या तारखा वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या पिढ्यांनी कोरलेल्या आहेत आणि एकमेकींशी जुळतात.

15. जन्मतारीख कुठे 23 मार्च, कुठे 26 मार्च असते. बरोबर कुठली?

माया तारीख एकच आहे: 9.8.9.13.0. उजवीकडून शून्य दिवस, 13 वेळा 20 दिवस, 9 वेळा 360, 8 वेळा 7,200 आणि 9 वेळा 1,44,000. बेरीज 13,57,100 दिवस, इ.स.पू. 3114 मधल्या आरंभदिनापासून. फरक पडतो तो आपल्या पंचांगात बदलताना. सातव्या शतकात जुलियन आणि ग्रेगोरियन कॅलेंडरमध्ये तीन दिवसांचं अंतर आहे, आणि माया-युरोपीय जुळणीचे दोन मान्य आकडे दोन दिवसांनी वेगळे आहेत. म्हणून मी इथे फक्त महिना दिला आहे.

16. ‘लाल राणी’ म्हणजे पाकालची आई का?

आधी तसं वाटलं होतं. 1994 मध्ये शेजारच्या 13 क्रमांकाच्या मंदिरात हिंगुळाने माखलेली स्त्री सापडली. शवपेटीवर नाव नाही. डीएनए तपासणीत तिचं पाकालशी रक्ताचं नातं निघालं नाही, त्यामुळे ती आई नव्हे. बहुतेकांच्या मते ती त्याची बायको इश त्साकबू अहाव. लग्न 626 चं, मृत्यू 672 चा.

17. पाकालनंतर गादी सरळ मुलाकडे गेली ना? मग वाद संपला असेल.

थोरला मुलगा कान बाहलाम 684 मध्ये गादीवर बसला तेव्हा 48 वर्षांचा होता. त्याने तीन कुलदेवांसाठी तीन मंदिरं बांधली आणि त्यांच्या पटांवर स्वतःला दोनदा कोरलं, एक उंच, एक लहान. लहान आकृती मेलेल्या पाकालची असं बराच काळ मानत. आज ती सहा वर्षांचा कान बाहलाम मानतात, 641 मध्ये युवराज म्हणून देवांपुढे उभा केलेला. बापाच्या बाबतीत जे राहून गेलं होतं, ते मुलाच्या बाबतीत वेळेवर झालं आणि दगडावर आलं.

त्याच्यानंतर 702 मध्ये धाकटा भाऊ कान होय चितामकडे गादी गेली. 711 मध्ये तोनिना या दुसऱ्या माया शहराच्या राजाने त्याला पकडलं. दोरीने बांधलेला, नावासकट कोरलेला त्याचा पट तोनिनात सापडला. त्याला मारलं असं पूर्वी लिहीत, पण पुढच्या नोंदींत तो राजा म्हणून दिसतो, म्हणजे तो परतला.

18. राजाच्या नातवाचा बाप राजा नसेल तर? असं पुन्हा घडलं का?

घडलं. 721 सरता सरता गादीवर आलेला आहकाल मो नाब हा पाकालचा नातू. त्याचा बाप तिवोल चान मात 680 मध्येच, पाकालच्या हयातीत, वारला होता. आजोबाची अडचण नातवापुढे उभी राहिली.

त्याने काढलेला मार्ग 19 क्रमांकाच्या मंदिरात 1990 च्या दशकाच्या अखेरीस सापडलेल्या ओट्यावर दिसतो. तिथे पहिल्या कुलदेवाने इ.स.पू. चौथ्या सहस्रकात एका ज्येष्ठ देवाच्या देखरेखीखाली गादी घेतल्याची कथा आहे, आणि शेजारी आहकाल मो नाब त्या कुलदेवाच्या वेशात शिरपट्टी घेतो आहे. ती देणारा नातलग ज्येष्ठ देवाच्या वेशात. दुसऱ्या एका मंदिरातल्या पटावर तर पाकाल स्वतः मधोमध बसला आहे आणि नातू त्याच्या बाजूला. तो कोरला तेव्हा पाकालला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. ज्याला आईच्या हातून गादी आली असं सांगावं लागलं, त्याचंच नाव आता दुसऱ्याला हक्क देत होतं.

19. हा सगळा निव्वळ राजकीय प्रचार नव्हता का?

हा शब्द मला पुरत नाही. प्रचार लोकांना दाखवायचा असतो. पाकालची पूर्वजांची बाग एका बंद दालनात, राडारोड्याने भरलेल्या जिन्याखाली ठेवली होती, आणि ती साडेबाराशेहून जास्त वर्षं कुणी पाहिली नाही. ती देवांसाठी आणि पूर्वजांसाठी होती. राजवाड्यातल्या पायऱ्या आणि लंबगोल पट मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी होते, हेही खरं. दोन्ही ठिकाणी आईचं स्थान तेच राहिलं, आणि म्हणून मला वाटतं की तो हे मनापासून मानत होता.

20. आज हे सगळं पाहायला मिळतं का?

पालेंके 1987 पासून जागतिक वारसा स्थळ आहे. शवपेटी आणि झाकण अजून पिरॅमिडच्या पोटातच आहेत. ओलाव्याने दगड खराब होतो म्हणून तो जिना सर्वसामान्यांसाठी बंद ठेवतात. मुखवटा मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. 1985 च्या नाताळात तो चोरीला गेला होता आणि 1989 मध्ये परत मिळाला. दालनाची प्रतिकृतीही तिथेच आहे. तिच्यापुढे उभं राहिलात तर झाकणावरून नजर काढून खाली वाका आणि बाजूंवरची नावं शोधा.

21. पाकालचं घराणं संपलं कधी?

आठव्या शतकाच्या उत्तरार्धात लेख कमी होत जातात. शेवटची तारीख एका मातीच्या भांड्यावर आहे, 799 ची. त्यावर गादीवर बसलेल्या राजाचं नाव आहे हानाब पाकाल.